उघड्या किनाऱ्यावरचं नवं घर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

समोर समुद्र, आणि मध्ये ना झाडी ना टेकडी. अशा जागी बांधलेल्या घरात अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचे कोरडे महिने काढल्यावर खात्रीनं सांगतो, की इथं सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे आडोसा. आमचं घर काटकोनात वळलेलं आहे आणि त्याच्या पाठीशी छोटं अंगण आहे. घरातला प्रत्येक जण दिवसातून एकदा तरी तिथं बसतो. समुद्राकडचा ओटा मात्र वारा पडला तरच वापरात येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. तिथं खुर्चीसुद्धा टिकत नाही. जागा कमी असेल तर ओटा लहान करा, अंगणाला हात लावू नका.

छप्पर बुटकं, चारही बाजूंनी उतरतं. वादळात त्याची काळजी वाटली नाही.

काचांचं तसं नाही. बैठकीतला मोठा सरकता दरवाजा दिसतो देखणा, पण जोराच्या पावसात ज्या भोकांतून रुळातलं पाणी बाहेर पडायचं, त्यांतूनच वारा ते आत रेटतो आणि उंबऱ्यावर बुडबुडे येतात. बाकीच्या खिडक्या बाहेर उघडणाऱ्या आहेत. बंद असताना वारा त्यांचा पल्ला चौकटीवरच दाबतो, त्यामुळे रबर आणखी घट्ट बसतं. त्यांतून एक थेंब आला नाही. फक्त उघडल्यावर पल्ला धरून ठेवणारा आडणा दणकट हवा.

आता गंज. सगळ्यात आधी गंजली ती वळचणीखालच्या दिव्याची पट्टी, जिथं पावसाचा थेंबही पोचत नाही. उघड्यावरचं रेलिंग पावसानं धुऊन निघतं. वळचणीखाली मीठ साचतच राहतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं, मग पाऊस नसतानाही धातू ओला तो ओलाच. म्हणून आम्ही गोड्या पाण्याचा नळ आणि लांब पाइप घराच्या दोन्ही टोकांना घेतला आहे. वळचण, बिजागऱ्या, एसीचं बाहेरचं युनिट नेमानं धुतो. या घरातली सर्वांत उपयोगी सोय हीच.

स्टेनलेस स्टील ३१६ प्रतीचंच घ्या. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम, म्हणजे मिठाच्या गंजाला अडवणारा धातू, असतं; ३०४ या नेहमीच्या प्रतीत ते घातलेलं नसतं. आमच्याकडे रेलिंग ३१६चं आलं, पण पुरवठादारानं स्क्रू साधे दिले. प्रत्येक स्क्रूखाली तपकिरी ओघळ उतरले आणि सगळे बदलावे लागले. अर्थात ३१६सुद्धा धुतलं नाही तर डागाळतंच. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलचा स्क्रू थेट बसवला असेल, तर त्याच्याभोवती पांढरी पूड धरते. मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच. काँक्रीटमधल्या सळयांवरचं कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, ५० मिलिमीटर राखलं होतं. काँक्रीट ओतण्याआधी ते प्रत्यक्ष मोजून घ्यावं, कारण नंतर वाढवता येत नाही.

माझी एक तक्रार अजून सुटलेली नाही. वरच्या मजल्यावरची एक काच पक्की बसवलेली आहे, ती बाहेरून पुसायला शिडीच लागते. खारट थर काही दिवसांत इतका जमतो, की समोरचा समुद्र धुरकट दिसतो, आणि वाऱ्यात शिडीवर कुणाला चढवायचं धाडस होत नाही. आराखडा पक्का करण्याआधी आर्किटेक्टला प्रत्येक काचेबद्दल विचारा, की ही कुठं उभं राहून पुसायची?