एल्डन रिंग: आठ महिने खेळल्यावर

परळला आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही एकच. आईच्या मालिका साडेदहाला संपल्या की कंट्रोलर माझ्या हातात येतो. एल्डन रिंग हा गेम २०२२चा, मी उशिराच घेतला. तेव्हापासून पीएस ५ वर रोज तास-दीड तास चालू आहे.

पहिले पंधरा दिवस मार्गिट नावाच्या बॉसनेच, म्हणजे वाट अडवणाऱ्या तगड्या शत्रूनेच खाल्ले. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर हा उभा असतो. काठी उगारतो आणि हात वरच थांबवतो. आपण घाबरून आधीच रोल करतो, म्हणजे वार चुकवायला कोलांटी घेतो, उठतोय तोवर काठी डोक्यात बसते. शेवटी त्याला सोडलं, घोड्यावर बसलो आणि दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला हा प्रदेश पालथा घातला. लेव्हल वाढवली, उचिगाताना ही तलवार +३ पर्यंत धारदार करून घेतली. परत आलो तर तिसऱ्या प्रयत्नात गडी आडवा! अडलात तर दुसरीकडे जा, तिथेही बघायला भरपूर आहे, ही मोकळीक मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मिळाली नाही.

मिस्टवुडच्या जंगलात एक विहीर आहे, तिच्यात लिफ्ट. ती खाली जातच राहते, जातच राहते, आणि अचानक डोक्यावर चांदणं पसरतं. जमिनीच्या पोटात! आई पाणी प्यायला उठली होती, तीही तांब्या हातात धरून बघत राहिली.

आता खटकतं ते. पॉजचं बटण नाही. ऑनलाइनचं समजू शकतो, पण ऑफलाइन एकट्याने खेळतानाही नाही. मेनू उघडला तरी शत्रू मारतच राहतो. बाबांना रात्री अकराला गोळी द्यायची असते. एकदा तेवढ्यासाठी उठलो, आलो तर मेलेलो. पडलेले रून्स (गेममधलं चलन) उचलायला धावलो, वाटेत पुन्हा मेलो, सगळे गेले. घरात माणसं असलेल्याने खेळायचं कसं?

गेममधल्या कुणी काय काम सांगितलं, याचीही नोंद गेम ठेवत नाही. मी शंभर पानी वही घातली, अर्धी भरली. भुयारांमध्ये तेच ते बॉस पुन्हा येतात, उत्तरार्धात याचा कंटाळा येतो. गर्दीच्या लढाईत फ्रेम रेटही थोडा अडखळतो.

'शॅडो ऑफ द एर्डट्री' हा याच गेमचा २०२४चा विस्तार (वेगळा विकत घ्यायचा जोडभाग) घ्यावा का, असं मित्र विचारतात. त्यात शिरायला आधी मूळ गेममधल्या राडान आणि मोग या दोन्ही बॉसना हरवावं लागतं. माझा राडान झाला, मोग बाकी आहे. तो पडला की घेईन.