मोती चौकातल्या सराफाकडं सोनं मोजून घेतलं, चार स्टार

दुकानाचं नाव टाकत नाही, टाकलं तर मी कुणाची बायको ते साताऱ्यात पाच मिनिटात कळंल. मोती चौकातलं जुनं दुकान, एवढं पुरे.

२०२४ च्या विधानसभेला आमचे मिस्टर अपक्ष उभे होते (डिपॉझिट गेलं, तो विषय संपला). पण फॉर्मसोबत जे ॲफिडेविट जोडतात त्यात बायकोचा वेगळा रकाना असतो, बँकेत किती, गाडी कुठली, सोनं किती ग्रॅम आणि किती रुपयांचं, सगळं. कोरं काही सोडायचं नाही, नसेल तर निरंक लिहा असं वकिलांनी बजावलेलं. सराफाचा दाखला सक्तीचा नाही पण उद्या कुणी बोललं तर हातात कागद असलेला बरा, म्हणून डबा घेऊन गेले.

फॉर्मची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, नेमकी धनत्रयोदशी. मी वसुबारसेला गेले तरी पाय ठेवायला जागा नव्हती, पाऊण तास उभी. त्यात काउंटरवरचा पोरगा एवढ्या गर्दीत मोठ्यानं, "तुम्ही त्या उभं राहिलेल्यांच्या मिसेस ना?" सगळ्या बायकांनी वळून आधी तोंडाकडं बघितलं मग गळ्याकडं. एक स्टार तिथंच कापला.

आत मात्र म्हातारे काका बसतात, ते म्हणजे सोनं माणूस. पडदा ओढला, काटा शून्यावर आणला आणि वजनाच्या आधी विचारलं, "वहिनी, यातलं तुमचं कुठलं आणि सासूबाईंचं कुठलं?" मी म्हणलं घरातलंच आहे की सगळं, त्यात वेगळं काय करायचं. तर म्हणले रकाना तुमचा आहे, घराचा नाही. सासूबाईंना स्वतःची पेन्शन आहे, त्यामुळं त्या अवलंबितांतही बसत नाहीत. झालं, पाटल्या बाजूला काढल्या आणि त्यांची वेगळी यादी केली.

ठुशीचं तर मला नवीनच कळलं. काट्यावर ३१ ग्रॅम आणि काकांनी लिहिलं २२, कारण मण्यात लाख भरलेली असते, वर गोंडा. आई जन्मभर तीन तोळ्याची म्हणून सांगत आली! उलट आजीच्या गोफाची चिठ्ठी दोन तोळ्याची आणि भरला २३ ग्रॅम, कारण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता दहाचा धरतात. पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडून दाखवला. मंगळसूत्र काढायला लावलं नाही, आमच्या लग्नाची खरेदी तिथलीच, जुन्या वहीतनं वजन काढून लिहिलं. आणि सही शिक्क्याची यादी देऊन म्हणले पर्समध्ये वरच ठेवा, आचारसंहिता आहे. खरंच येताना गाडी अडवली, यादी बघून सोडली.

एक घोळ झाला, दाखल्यावर माझं मधलं नाव चुकलं. फॉर्म दुपारी तीनपर्यंतच घेतात, त्यामुळं धनत्रयोदशीला सकाळी परत पळापळ. कागद तिथंच नीट वाचून घ्या.

त्या यादीची खरी किंमत पुढं कळली. ॲफिडेविट साईटवर पडतं, कुणीही डाउनलोड करतं. भिशीतल्या बायकांना माझे ग्रॅम पाठ, "ठुशी तर तीन तोळ्याची ना गं?" प्रचाराला सासूबाईंनी हौसेनं पाटल्या माझ्या हातात घातल्या, तर चौथ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो, माझ्या मनगटाला लाल गोल, शेजारी ॲफिडेविटचं पान आणि खाली, वहिनींच्या पाटल्या कुठं लपवल्या? उभे ते राहिले आणि गोल माझ्या हाताला. काकांनी सासूबाईंच्या नावाचं जुनं बिल शोधून दिलं, ते आम्ही टाकलं तेव्हा थांबलं. मग वैतागून पाटल्या काढल्या तर म्हणे प्रचारासाठी गहाण टाकल्या. मिस्टरांच्या जमिनीचं मात्र एकानंही विचारलं नाही, तेवढं पान कुणी उघडलंच नसावं.

दाखल्याचे पैसे घेतले नाहीत, नको नको म्हणले, मी कंदी पेढे नेऊन दिले. पार्किंग अजिबात नाही, गाडी राजवाड्यापाशी लावा नि चालत या.

परवा कानातलं घ्यायला परत तिथंच गेले. तो पोरगा अजून आहे. "ठुशीवाल्या वहिनी ना?" म्हणला. हळू म्हणला, पण म्हणलाच.