न उरलेली सिंगर बिल्डिंग दाखवणारी पायी सफर

न्यूयॉर्कच्या लोअर मॅनहॅटनमधल्या पाडलेल्या इमारतींची ही सफर मुलाने मला बुक करून दिली. बाकीचे थांबे ठीकठाक आहेत, पण ब्रॉडवे आणि लिबर्टी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पैसे वसूल होतात. सिंगर शिलाई मशीनवाल्यांचं मुख्यालय इथे होतं. 1908 मध्ये ते पूर्ण झालं तेव्हा 47 मजल्यांची, 612 फुटांची ही इमारत जगात सगळ्यात उंच होती. पुढच्याच वर्षी मेट्रोपॉलिटन लाइफच्या टॉवरने तो मान घेतला.

गाइड मुलगी तयारीची होती. समोरच्या झुकोटी पार्कमध्ये तिने दोरीची दोन टोकं आमच्यातल्या दोघांच्या हातात देऊन त्यांना 65 फुटांवर उभं केलं. टॉवरची एक बाजू एवढीच! हा अरुंदपणाच इमारतीच्या मुळावर आला. टॉवरच्या एका मजल्यावर जेमतेम 4,200 चौरस फूट जागा, आणि साठच्या दशकात कंपन्यांना हवे होते मोठे, मोकळे मजले. सिंगरने 1961 मध्ये इमारत विकली, 1967 मध्ये पाडकाम सुरू झालं आणि त्या जागी यू. एस. स्टीलची वन लिबर्टी प्लाझा उभी राहिली. वारसा जपणारा शहराचा आयोग 1965 पासून होता, तरी हिला संरक्षण मिळालं नाही. मला याचा फार राग आला.

लॉबीचा फोटो मात्र गाइडने घाईत पुढे सरकवला. मी तो परत मागून घेतला. संगमरवरी खांब, आणि खांबांच्या वरच्या बाजूला ब्राँझच्या मोठ्या चकत्या. त्यांतल्या काहींवर चक्क सुई, दोरा आणि बॉबिन! आयुष्यभर सिंगरवर ब्लाउज शिवलेत मी. आपल्या कामाची हत्यारं कुणी एवढ्या मानाने, एवढ्या उंचावर बसवली होती हे बघून ऊर भरून आला.

एक उणीव राहिली. वास्तुविशारद अर्नेस्ट फ्लॅगचं नुसतं नाव घेतलं. गगनचुंबी इमारतींनी रस्त्यावरचा उजेड अडतो म्हणून टॉवर प्लॉटच्या चौथ्या हिश्शातच असावा, असं तो म्हणायचा, आणि 1916 च्या शहराच्या बांधकाम नियमांत ते आलंही. हे सांगायला हवं होतं.

फोटो छोटे आहेत आणि गाड्यांच्या आवाजात मागच्यांना ऐकू येत नाही, तेव्हा गाइडच्या शेजारीच उभे राहा. गुडघे दुखत असतील तर पार्कमधल्या बाकांवर बसून घ्या, पुढे बसायला कुठेच मिळत नाही.