केमेमलीक: राइटबॅकमधली गळती शोधायला कितपत कामाचं?

लिनक्स कर्नलमध्ये 2009 पासून, म्हणजे 2.6.31 आवृत्तीपासून, केमेमलीक हे मेमरीची गळती (घेतलेली पण परत न केलेली मेमरी) शोधणारं साधन आहे. फाइलसिस्टिमच्या राइटबॅक (मेमरीतला बदललेला डेटा डिस्कवर लिहिणाऱ्या) कोडला हात लावणाऱ्याने ते चाचणीच्या कर्नलमध्ये ठेवावंच. स्लॅबमधून (कर्नलच्या छोट्या ऑब्जेक्टांच्या मेमरी साठ्यातून) घेतलेली आणि परत न केलेली मेमरी ते चोख पकडतं. राइटबॅकमधली निम्मी डोकेदुखी मात्र स्लॅबमध्ये नसते, फोलिओच्या (एक किंवा अधिक मेमरी पेजांच्या गटाच्या) रेफकाउंटमध्ये, म्हणजे त्याला किती जण वापरताहेत या मोजणीत असते, आणि तिथे हे आंधळं आहे.

वापरायला सोपं. डीबगएफएस या डीबगिंगसाठीच्या फाइलसिस्टिममधल्या केमेमलीक फाइलीत आधी 'क्लिअर' लिहायचं, चाचणी चालवायची, मग 'स्कॅन' लिहायचं, तेही दोनदा. पहिल्या फेरीत नव्या ऑब्जेक्टचा फक्त चेकसम (आतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) नोंदला जातो, तक्रार दुसऱ्या फेरीत येते. पाच सेकंदांहून कोवळं ऑब्जेक्ट तर ते संशयितांत धरतच नाही. त्यामुळे घाईघाईने एकदा स्कॅन करून 'गळती नाही' म्हणण्यात अर्थ नाही. आणि 'ऑफ' जपून लिहा, रीबूट केल्याशिवाय ते परत चालू होत नाही. रिपोर्टमध्ये आकार, पहिले 32 बाइट आणि मेमरी कुठे घेतली त्याचा बॅकट्रेस (फंक्शन कॉलची साखळी) मिळतो. सोडायची कुठे राहिली, ते गोटूची (साफसफाईच्या ओळींवर उडी मारणाऱ्या आदेशाची) लेबलं चाळून आपणच शोधायचं.

एकट्याने याचा फारसा उपयोग नाही, कारण साफसफाई चुकते ती एरर पाथमध्ये (काही फसल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) आणि तो पाथ रोजच्या चाचणीत चालतच नाही. जोडीला फेलस्लॅब हवं, ते स्लॅबमधली अलोकेशन्स (मेमरीच्या मागण्या) मुद्दाम फसवतं. त्याच्या डीफॉल्ट सेटिंगमध्ये दोन खोड्या आहेत. 'टाइम्स' 1 असतं, म्हणजे एकदा अपयश देऊन ते गप्प बसतं. तिथे -1 द्या. 'इग्नोर जीएफपी वेट' चालू असतं, त्यामुळे राइटबॅकमधली झोपू शकणारी अलोकेशन्स वगळली जातात. ते बंद करा. सरसकट सगळीकडे अपयश देऊ नका, 'कॅश फिल्टर' लावून हवी तीच कॅश (एका प्रकारच्या ऑब्जेक्टचा स्लॅबमधला साठा) निवडा, उदाहरणार्थ एक्स्ट4ची आयओ एंड कॅश. कॅश दुसरीत मिसळलेली असेल तर ही निवड 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून नाकारली जाते. मग 'स्लॅब नोमर्ज' देऊन बूट करायचं.

प्रोबॅबिलिटी (अपयशाची टक्केवारी) 10 च्या आसपास पुरते. 100 ठेवली की एफसिंक (फाइलचा डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबणारा कॉल) अडकतं. डेटा इंटिग्रिटीच्या राइटबॅकमध्ये मेमरी नाही असं उत्तर आलं तर कर्नल थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतो, आणि इथे प्रत्येक प्रयत्न फसणारच. ती गळती नव्हे. खरी गडबड वेगळी दिसते: फोलिओवर राइटबॅकचा झेंडा लावला, पुढचं अलोकेशन फसलं, कोड सरळ 'आउट'ला गेला आणि झेंडा कुणी उतरवलाच नाही. मग त्या फोलिओची वाट पाहणारा प्रोसेस डी स्टेटमध्ये (न उठवता येणाऱ्या झोपेत) कायमचा लटकतो आणि 120 सेकंदांनी हंग टास्कची ओरड लॉगमध्ये येते. केमेमलीक यावर अवाक्षर काढत नाही.

त्याहून वाईट म्हणजे ते कधीकधी गळती झाकतं. स्कॅन करताना ते रेफकाउंट शून्य नसलेल्या प्रत्येक पेजचं स्ट्रक्चरही वाचतं. फोलिओचा रेफरन्स गळाला असेल, तर त्याच्या 'प्रायव्हेट' फील्डमध्ये लटकलेलं ऑब्जेक्ट केमेमलीकला वापरात आहे असंच वाटतं. मूळ फोलिओ दिसत नाही आणि त्याच्यासोबत गळालेला स्लॅबचा तुकडाही दिसत नाही. यावर पेज ओनर (प्रत्येक पेज कुठल्या कोडने घेतलं ते नोंदणारं साधन) हाच उपाय: 'पेज ओनर ऑन' देऊन बूट करा, चाचणीची फाइल पुसा, पेज कॅशे रिकामी करा, आणि तरीही उरलेल्या पेजांचे स्टॅक पाहा.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. फसू शकणारी अलोकेशन्स झेंडा लावण्याआधी उरका, लेबलं घेतल्याच्या उलट क्रमाने लावा. 6.5 पासूनचे स्कोपवर आधारित (व्हेरिएबलची हद्द संपताच ते आपोआप सोडणारे) क्लीनअप मॅक्रो स्थानिक बफरला छान आहेत, पण आयओ पूर्ण झाल्यावर कंप्लीशन हँडलरने सोडायच्या गोष्टींना ते लावाल तर आधी मालकी काढून घ्या, नाहीतर फंक्शन परततानाच ती मोकळी होईल. एकाच फंक्शनमध्ये गोटू आणि हे मॅक्रो यांची खिचडी नको.

प्रॉडक्शन सर्व्हरवर केमेमलीक चालू ठेवू नये. मेमरी आणि सीपीयू दोन्ही खातं. चाचणीच्या व्हीएमवर मात्र फेलस्लॅब आणि पेज ओनरसह पाचपैकी चार गुण.