उखडणारा रंग आणि एक्सपीएस तपासणी : एका खासगी प्रयोगशाळेच्या सेवेचे परीक्षण

आमच्या कारखान्यात ६०६३ मिश्रधातूच्या अ‍ॅल्युमिनियम एक्सट्रूजनवर (साच्यातून दाबून काढलेल्या पट्ट्यांवर) पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीचा रंग भट्टीत पक्का करण्याचे काम, केले जाते. काही महिन्यांपूर्वी क्रॉसकट चाचणीत (रंगावर जाळीसारखे छेद देऊन वर चिकटवलेली टेप ओढण्याच्या चाचणीत) मोजक्या जॉबवरचा रंग टेपबरोबर चौकटी-चौकटीने निघून येऊ लागला, आणि गंमत अशी की त्याच हँगरवरचे शेजारचे जॉब अगदी ठणठणीत होते. डीग्रीजिंगच्या टाकीचे टायट्रेशन, ओव्हनचा तापमान-आलेख, पावडरचा लॉट हे सारे तपासून झाले. मग एसईएम-ईडीएस, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूलद्रव्ये ओळखण्याची तपासणी, करून पाहिले. त्यात अ‍ॅल्युमिनियम, थोडे मॅग्नेशियम आणि किंचित सिलिकॉन दिसले, म्हणजे मुळात मिश्रधातूत जे असते तेच. ईडीएसला मिळणारी माहिती सुमारे एक मायक्रॉन किंवा त्याहून अधिक खोलीतून येते, आणि आमचा दोष त्याच्या शेकडो पटींनी पातळ अशा थरात दडलेला असावा, असा संशय होता. म्हणून नमुने एका खासगी प्रयोगशाळेकडे एक्सपीएससाठी, म्हणजे क्ष-किरणांच्या साहाय्याने अगदी वरच्या थराचे रसायन तपासण्यासाठी, पाठवले. त्या सेवेचे हे परीक्षण आहे.

एक्सपीएसमध्ये नमुन्यावर ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण टाकतात; अ‍ॅल्युमिनियमचा स्रोत असेल, तर ही ऊर्जा १४८६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. त्यामुळे अणूंतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची गतिज ऊर्जा मोजली की ते किती ऊर्जेने अणूशी बांधलेले होते हे कळते, आणि त्यावरून मूलद्रव्य ओळखता येते. क्ष-किरण खोलवर जातात, पण इलेक्ट्रॉन वरच्या पाच ते दहा नॅनोमीटरमधूनच ऊर्जा न गमावता बाहेर येऊ शकतात, आणि या पद्धतीची सारी किंमत याच मर्यादेत आहे. दुसरा गुण असा की बांधणीची ऊर्जा अणूच्या रासायनिक शेजाराप्रमाणे किंचित सरकते, त्यामुळे मूलद्रव्याबरोबर ते कोणत्या अवस्थेत आहे हेही समजते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या काय सीगबान यांना याच कामासाठी १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांचे वडील माने सीगबान यांनाही क्ष-किरण वर्णपटाच्या अभ्यासासाठी १९२४ सालचे नोबेल मिळाले होते.

सेवेची सर्वांत जमेची बाजू म्हणजे नमुने यंत्रात घालण्यापूर्वी तेथील शास्त्रज्ञ बाईंनी केलेला फोन. आम्ही मागणीपत्रात ‘संपूर्ण तपासणी व खोलीनुसार आलेख’ असे मोघम लिहिले होते. त्यांनी विचारले, “तुम्हाला नेमके काय ठरवायचे आहे?” आर्गॉन आयनांनी पृष्ठभाग खरवडत खोलीनुसार आलेख काढण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला, कारण पृष्ठभागावर सेंद्रिय किंवा सिलिकोनचा (सिलिकॉन या मूलद्रव्यापासून बनणाऱ्या तेलासारख्या संयुगाचा) थर असेल, तर आयनांच्या माऱ्याने त्याचे रासायनिक स्वरूपच बदलते आणि जे शोधायचे तेच पुसले जाते. अशा खरवडण्याचे, म्हणजे स्पटरिंगचे, शुल्क तासागणिक आकारले जात असताना असा नकार देणारी प्रयोगशाळा मला विश्वासाची वाटते. उखडलेल्या रंगाची मागची बाजू आणि उघडी पडलेली धातूची बाजू या दोन्हींबरोबर रंग न लागलेले दोन जॉबही पाठवा, एक ड्राय-ऑफ ओव्हनच्या (रंगापूर्वी जॉब वाळवणाऱ्या भट्टीच्या) तोंडाशी उतरवलेला आणि दुसरा पावडर बूथच्या दाराशी उतरवलेला, ही सूचनाही त्यांचीच.

मात्र पहिली फेरी वाया गेली, आणि त्यात प्रयोगशाळेचा दोष आमच्याइतकाच आहे. नमुने कसे बांधावेत याची लेखी सूचना त्यांनी पाठवली नव्हती. आमच्या माणसाने ते उघड्या हातांनी कापले, चिकटपट्टीच्या कागदी अस्तरात गुंडाळले आणि पाकिटात घातले. अहवालात सगळ्याच नमुन्यांवर सिलिकॉन निघाले, शिवाय बोटांच्या घामातले सोडियम आणि क्लोरीनही. चिकटपट्टीच्या अस्तरावर सहसा सिलिकोनचाच लेप असतो, हे आम्हाला नंतर फोनवर सांगण्यात आले. दहा नॅनोमीटरपर्यंतच पाहणाऱ्या यंत्राला बोटाचा ठसाही जाड थरासारखा असतो, तेव्हा ही सूचना मागणीपत्राच्या पहिल्याच पानावर ठळक असायला हवी. दुसऱ्या खेपेला नमुने नायट्राइल हातमोजे घालून कापले आणि स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये, तपासायची बाजू कशालाही घासणार नाही असे पाठवले.

दुसरा अहवाल मात्र पैसे वसूल करणारा होता. ओव्हनच्या तोंडाशी उतरवलेल्या जॉबवर प्रीट्रीटमेंटचे (रंगापूर्वीच्या रासायनिक प्रक्रियेचे) झिर्कोनियम, अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड आणि हवेतून प्रत्येक वस्तूवर बसतो तो कार्बन एवढेच होते. बूथच्या दाराशी उतरवलेल्या जॉबवर याशिवाय आलेखात सिलिकॉनचे शिखर १०२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास स्पष्ट उभे होते. येथे रासायनिक अवस्थेचे महत्त्व कळते. मूलद्रव्य स्वरूपातील सिलिकॉन ९९ च्या थोडे वर दिसते, सिलिका (सिलिकॉनचा ऑक्साइड) १०३.५ च्या जवळ, आणि सिलिकोन तेल या दोहोंच्या मध्ये, १०२ पाशी. ईडीएसने हा फरक कधीच दाखवला नसता; त्याला सारे सिलिकॉन सारखेच, आणि आमच्या मिश्रधातूत ते आधीपासूनच. (मराठीत ‘सिलिकॉन’ आणि ‘सिलिकोन’ यांचे उच्चार इतके जवळचे आहेत की कारखान्यातल्या बैठकीत अर्धा तास याच गोंधळात गेला.) नमुना तिरका केला की मोजणी आणखी वरच्या थरापुरती होते; तसे करून पुन्हा मोजल्यावर झिर्कोनियमच्या तुलनेत सिलिकॉन वाढले, म्हणजे सिलिकोन प्रीट्रीटमेंटच्या वर बसलेले होते. एक्सट्रूजनच्या खडबडीत पृष्ठभागावर हे माप ढोबळच असते आणि अहवालात तसे प्रामाणिकपणे नमूदही केले होते. उखडलेल्या रंगाच्या मागच्या बाजूला आणि धातूवर, दोन्हीकडे तेच शिखर सापडले, यावरून जोड सिलिकोनच्या थरातच तुटत होता. ओव्हन आणि बूथ यांच्या दरम्यान कन्व्हेयरची साखळी एका वळणावर जॉबच्या वरून जाते, आणि तिला देखभाल विभागाने नेहमीच्या वंगणाऐवजी सिलिकोन स्प्रे मारायला सुरुवात केली होती. स्प्रे थांबवून साखळी पुसून घेतल्यावर क्रॉसकट पुन्हा उत्तीर्ण होऊ लागले.

अहवालाच्या मांडणीबद्दल माझी तक्रार आहे. अणूंची टक्केवारी दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत दिली होती, पण रंगासारख्या विद्युतरोधक नमुन्यावर साचणाऱ्या प्रभारामुळे शिखरे सरकतात तेव्हा दुरुस्ती कशाच्या आधारे केली, हे कोठेच लिहिले नव्हते. सिलिकोन आणि सिलिका यांत अंतर जेमतेम दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टचे असताना ही त्रुटी किरकोळ नाही. विचारल्यावर कार्बनचे शिखर २८४.८ धरल्याचे कळले आणि सुधारित अहवाल मिळाला, पण तो मागावा लागला. मूळ आकडेवारीची फाइलही विनंती केल्यावरच देण्यात आली. तसेच मोजणी काहीशे मायक्रॉनच्या ठिपक्यावर होते, म्हणून एका नमुन्यावर एकच ठिपका घेण्याचा त्यांचा रिवाज मला अपुरा वाटतो. आम्ही आग्रहाने तीन घ्यायला लावले.

शुल्क ईडीएसपेक्षा बरेच जास्त आहे आणि अतिनिर्वात यंत्र असल्यामुळे ओले, तेलकट किंवा वायू सोडणारे नमुने घेतले जात नाहीत. रंगाची जाडी, हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा अशा प्रश्नांसाठी येथे येऊ नये. हायड्रोजन एक्सपीएसला दिसतच नाही. जस्ताचा मुलामा आणि त्यावरील पॅसिव्हेशन (गंज रोखणारा पातळ रासायनिक थर) तपासून घेणाऱ्यांनी दोन गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात. धातुरूप जस्त आणि त्याचा ऑक्साइड यांची मुख्य शिखरे जवळजवळ एकाच जागी येतात, म्हणून ऑजर शिखरही (वेगळ्या प्रक्रियेतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे शिखर) मोजायला सांगावे लागते. षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमची विषारी अवस्था) तर मोजणी चालू असतानाच क्ष-किरणांमुळे त्रिसंयुजी होऊ शकते, त्यामुळे क्रोमियमचा पट्टा सर्वांत आधी मोजून घ्यावा, आणि ‘षट्संयुजी क्रोमियम आढळले नाही’ एवढ्या एका ओळीच्या भरवशावर ग्राहकाला निर्यातीचे प्रमाणपत्र देऊ नये.