हरिश्चंद्रगड: मुक्काम गडावर की पाचनईत?

कोकणकड्यावरून सूर्यास्त बघायचाय? मग मुक्काम गडावरच हवा. कडा पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य बुडाल्यावर अंधारात कातळावरून पायथ्याच्या पाचनई गावाला उतरणं म्हणजे पाय मोडून घ्यायचे धंदे. पण १४२४ मीटरवर हिवाळ्यात थंडी हाडात शिरते, कड्यावरच्या वाऱ्यापुढे स्वस्तातला तंबू टिकत नाही, आणि शनिवारी तर वर जत्राच! पाचनईत घरगुती सोय होते: चुलीवरची भाकरी, पिठलं, पडवीत झोप. पोरंबाळं बरोबर असतील किंवा पावसाळा असेल, तर मी डोळे झाकून गाव निवडेन. पहाटे निघालं की दोन-तीन तासांत वर. गड अभयारण्यात येतो, त्यामुळे तंबू ठोकायचाच असेल तर सध्या परवानगी आहे का, हे वनखात्याला आधी विचारा.