लुलॅक, माल्डेफ की युनिडोसयूएस : कुणासोबत काम करावं?

अमेरिकेत कायदा किंवा समाजकार्य शिकणाऱ्या कुणाला हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांच्या लोकांच्या, नागरी हक्कांच्या कामात उतरायचं असेल, तर ही तीन नावं आधी पुढे येतात. वरवर काम एकच दिसतं, पण रोजच्या कामात खूप फरक आहे.

लुलॅक (लीग ऑफ युनायटेड लॅटिन अमेरिकन सिटिझन्स) सगळ्यांत थोरली. १९२९ साली टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टीत सुरू झाली. सुरुवातीला सभासद फक्त अमेरिकी नागरिक, कामकाजाची भाषा इंग्रजी. ‘आम्हीही अमेरिकनच’ हे दाखवायची ती धडपड आज खटकते. पण तेव्हा टेक्सासात मेक्सिकन मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, हे विसरून चालणार नाही. पुढे ‘हर्नांडेझ विरुद्ध टेक्सास’ हा मेक्सिकन वंशाच्या आरोपीचा खटला लुलॅक आणि अमेरिकन जीआय फोरम (मेक्सिकन-अमेरिकन माजी सैनिकांची संघटना) यांच्या पाठबळावर थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. हा खटला मुळात जिथे चालला त्या टेक्सासमधल्या जॅक्सन काउंटीत पंचवीस वर्षांत एकही मेक्सिकन आडनावाचा माणूस ज्यूरीवर बसला नव्हता. सरकारी वकील म्हणत, भेदभाव कुठला, हे तर गोरेच! आणि त्याच काउंटीच्या कोर्टाच्या आवारातल्या एका स्वच्छतागृहावर कृष्णवर्णीयांसाठीच्या पाटीखाली स्पॅनिशमध्ये ‘पुरुषांसाठी इथे’ असं लिहिलेलं होतं. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एकमताने हर्नांडेझच्या बाजूने लागला.

लुलॅक चालते ती गावोगावच्या शाखांवर. वकिलीची पदवी नसली तरी तिथे काम मिळतं. मात्र शाखा म्हटलं की स्थानिक राजकारण आलंच, त्याची तयारी हवी.

माल्डेफची (मेक्सिकन अमेरिकन लीगल डिफेन्स अँड एज्युकेशनल फंड) गोष्ट वेगळी. लुलॅकमध्येच काम करणारे सॅन अँटोनिओचे वकील पीट तिहेरिना यांनी फोर्ड फाउंडेशनच्या पैशांवर १९६८ मध्ये ती उभी केली. इथे काम खटल्यांचं. टेक्सासमधल्या टायलर गावच्या शाळांनी अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसलेल्या मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागितली, तेव्हा माल्डेफने दावा लावला. बोभाटा नको म्हणून न्यायाधीशांनी सुनावणी सकाळी सहाला ठेवली. हद्दपारीच्या भीतीने काही पालक गाडीत सामान भरूनच आले होते. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ असा निसटता विजय मिळाला. व्हिसा संपलेल्या भारतीय कुटुंबातलं मूलही आज सरकारी शाळेत बसतं ते याच निकालामुळे. माझं माप अर्थातच इकडे झुकतं. पण कायद्याचा विद्यार्थी नसाल तर इथे फारसा वाव नाही.

युनिडोसयूएसही १९६८ चीच. २०१७ पर्यंत तिचं नाव नॅशनल कौन्सिल ऑफ ला रासा होतं. घर, आरोग्य, शिक्षण यांवर धोरणात्मक अभ्यास, वॉशिंग्टनमध्ये पाठपुरावा आणि देशभरातल्या संलग्न संस्थांमार्फत सेवा, असं तिचं स्वरूप. आकडेवारीत रमणाऱ्यांनी इकडे जावं.

न्यूयॉर्क-न्यूजर्सीत राहत असाल तर आधी लॅटिनोजस्टिसकडे चौकशी करा. ही १९७२ ची, मुळात पोर्तोरिकन वकिलांची संस्था. न्यूयॉर्कच्या शाळांत इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांना द्विभाषिक शिक्षण देण्याची तडजोड १९७४ साली तिनेच कोर्टातून घडवून आणली. टेक्सासचा इतिहास वाचून टेक्सासलाच जायला हवं असं नाही.